नायट्रेट काढले, पण ठेवले कुठे?

चेन्नईतील अण्णा नगर ही आखून वसवलेली वसाहत आहे. १९६८ साली येथे आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरला. त्या निमित्ताने उभारलेला मनोरा विश्वेश्वरय्या उद्यानात आजही उभा आहे. पुढे तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे अव्हेन्यू आणि प्रशस्त चौक यांसह ही वसाहत आकाराला आणली. जमिनीवर जे दिसते ते येथे नकाशाबरहुकूम झाले. जमिनीखालचे मात्र कोणाच्याच नकाशात नव्हते. इमारतीगणिक कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांच्यापासून थोड्या अंतरावरून मैलावाहिन्या जातात, वस्तीतून ओट्टेरी नाला वाहतो आणि दक्षिणेला कूवम आहे, जिला नदी म्हणताना चेन्नईकरही क्षणभर थबकतो.

माणसाच्या शरीरातून दररोज साधारण दहा-बारा ग्रॅम नत्र बाहेर पडते, बहुतांश मूत्रावाटे. गळक्या मैलावाहिनीतून किंवा शोषखड्ड्यातून ते मातीत उतरले, की मातीतले जिवाणू त्याचे आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया मातीच्या कणांना चिकटून राहतो. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवरही तोच असतो, म्हणून ते मातीत थांबत नाही. पाण्याबरोबर थेट खाली जाते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यातले त्याचे प्रमाण वाढते. बाळासाठी पाणी वीस मिनिटे उकळणारी आई नकळत त्याला अधिक नायट्रेट पाजत असते. घरगुती शहाणपण इतके पूर्णपणे उलटे पडावे, असे पाण्यातले दुसरे प्रदूषक चटकन आठवत नाही.

महानगराच्या या समस्येची महाराष्ट्रातील वाचकाने दखल का घ्यावी, याचे उत्तर केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात आहे. २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालासाठी देशभरातील १५,२५९ ठिकाणच्या पाण्याची तपासणी झाली. त्यातील सुमारे २० टक्के नमुन्यांमध्ये नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. मर्यादा ओलांडणारे नमुने ज्यांत सापडले, अशा जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये ३५९ होती, ती २०२३ मध्ये ४४० झाली. म्हणजे देशातील निम्म्याहून अधिक जिल्हे. राजस्थानात ४९ टक्के, कर्नाटकात ४८ टक्के, तमिळनाडूत ३७ टक्के आणि महाराष्ट्रात जवळपास ३६ टक्के नमुने मर्यादेबाहेर गेले. तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्यात टक्क्याचाच काय तो फरक. अहवालाने सर्वाधिक बाधित म्हणून जे पंधरा जिल्हे नोंदवले, त्यांत तमिळनाडूचा एकटा विल्लुपुरम आहे. महाराष्ट्राचे सात आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. शिवाय राजस्थान, कर्नाटक आणि तमिळनाडूमधील प्रमाण २०१७ पासून बरेचसे स्थिर आहे. ते चढते आहे महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात.

या आकड्यांवर विधिमंडळात एखादे वादळी अधिवेशन झाल्याचे कोणाला आठवत असेल, तर मला त्याचा आनंदच होईल.

४५ मिलिग्रॅमची मर्यादा भारतीय मानक ब्युरोने ठरवली आहे आणि त्यात सवलत नाही. इतर काही घटकांबाबत पर्यायी स्रोत नसल्यास थोडी ढिलाई मान्य केली जाते, नायट्रेटबाबत नाही. या कठोरपणामागे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एक इतिहास आहे. १९४५ साली हंटर कॉम्ली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही मुले निळी पडत असल्याचे नोंदवले. बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते आणि प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची क्षमता घटते. पुढे चिंतेची दुसरी बाजू समोर आली. शरीरात नायट्रोसो संयुगे तयार होण्याजोगी स्थिती असेल, तर पोटात गेलेले नायट्रेट मानवात बहुधा कर्करोगकारक ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले. २०१८ मध्ये डेन्मार्कमधील २७ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका लिटरमागे चार मिलिग्रॅमपेक्षाही कमी पातळीपासून वाढलेला दिसला. एका अभ्यासावरून मर्यादा बदलत नाही हे खरे. पण ४५ हा आकडा सुरक्षिततेची लक्ष्मणरेषा आहे आणि तिच्या अलीकडे निर्धास्त राहावे, असे मानण्याचे दिवस सरत चालले आहेत, एवढे त्यातून कळते.

मग हे पाणी स्वच्छ कसे करायचे? येथे विजेचा प्रवेश होतो.

विजेने पाणी शुद्ध करण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नागपूरच्या ‘नीरी’ने चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे फ्लोराइड काढण्यासाठी सौरविजेवर चालणारा विद्युत-विघटन प्रकल्प उभारून दाखवला. त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून वीज सोडली जाते, ॲल्युमिनियम विरघळून त्याचा कापसासारखा साका बनतो आणि फ्लोराइडला धरून तळाशी बसतो. तत्त्व सोपे आहे आणि गावपातळीवर राबवता येते. हीच युक्ती नायट्रेटवर का चालत नाही, असे कोणीही विचारील. कारण नायट्रेट कोणालाच धरत नाही. त्याचे जवळपास सर्व क्षार पाण्यात विरघळतात, साक्याला ते सहज चिकटत नाही, तुरटीला दाद देत नाही, वाळूच्या गाळणीतून आरपार जाते. ते पाण्यातून काढण्याचे मुख्यतः दोनच मार्ग उरतात : त्याला वेगळे करून दुसरीकडे नेणे किंवा त्याचे रेणू मोडून त्याचे अस्तित्व संपवणे.

धोरणकर्त्यांच्या चर्चेत या दोन मार्गांची नेहमी गल्लत होते आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख तिथेच आहे.

घरोघरी आणि गावोगावी बसलेली आरओ यंत्रे पहिल्या मार्गाने जातात. पाण्याचा एक भाग नायट्रेटमुक्त होतो आणि दुसऱ्या भागात तेच नायट्रेट अधिक दाट होऊन मोरीत जाते. आयन विनिमय पद्धतीत राळेचे मणी नायट्रेट पकडतात, पण ते मणी मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात आणि धुवण उरते. विजेवर चालणाऱ्या दोन पद्धतीही याच वर्गातल्या आहेत. इलेक्ट्रोडायलिसिसमध्ये दोन विद्युताग्रांच्या मध्ये निवडक पटले ओळीने बसवतात. वीज आयनांना पटलांपलीकडे खेचते आणि पाणी मागे राहते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने या पटलांवर दीर्घकाळ काम केले आहे. दुसरी पद्धत सच्छिद्र कार्बनच्या पत्र्यांची. पत्र्यांवर थोडासा विद्युतदाब दिला, की क्षार त्यांना चिकटतात. दाब उलटा केला, की सुटतात. आयआयटी मद्रासमधील प्रा. टी. प्रदीप यांच्या संशोधनगटाचे नाव आर्सेनिक गाळण्यामुळे जगभर झाले. त्याच गटातून या कार्बन पद्धतीच्या यंत्रांचा उद्योगही उभा राहिला. अण्णा नगरपासून ती संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. निमखाऱ्या पाण्यासाठी या यंत्रांना वीज माफक लागते आणि आरओच्या तुलनेत पाणी बरेच कमी वाया जाते. त्यामुळे त्यांचे स्वागत व्हायलाच हवे.

परंतु ‘काढलेले नायट्रेट कुठे गेले’ या प्रश्नाला या चारही पद्धतींचे उत्तर एकच आहे : गटारात. आणि ज्या गावाचे गटार शोषखड्ड्यात किंवा ओढ्यात संपते, तेथे गटार म्हणजे पुन्हा विहीरच. गावात पाण्याचे एटीएम बसले, फीत कापली गेली आणि मागच्या भिंतीतून निघालेल्या नळीचे पाणी शेजारच्या खड्ड्यात जिरले, तर प्रकल्पाच्या कागदावर शुद्ध पाण्याचे लिटर वाढतात आणि भूजलातले नायट्रेट तेवढेच राहते.

दुसरा मार्ग हा नायट्रेटला खऱ्या अर्थाने संपवणारा. पाण्यात दोन विद्युताग्रे बुडवून वीज सोडली, की ऋणाग्रावर नायट्रेटला इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याच्यातील प्राणवायू सुटू लागतो. प्रथम नायट्राइट बनते. नंतर वाट फुटते : पाच इलेक्ट्रॉन मिळाले तर निरुपद्रवी नायट्रोजन वायू, जो हवेत जातो, आठ मिळाले तर अमोनिया. तांबे, कथील, टायटॅनियम यांपैकी कोणता धातू वापरला, विद्युतदाब किती ठेवला, पाण्यात आणखी काय आहे, यावर कोणती वाट किती वापरली जाईल हे ठरते. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेत टायटॅनियमच्या धनाग्रांवर आणि विद्युत-रसायनाच्या औद्योगिक वापरावर अनेक दशकांचे काम आहे. तिचे एक केंद्र चेन्नईतच तरमणीला आहे. म्हणजे ज्ञान बाहेरून आणावे लागेल, अशी स्थिती नाही.

अडचणी दुसऱ्याच आहेत आणि त्या जाहिरातपत्रकात छापल्या जात नाहीत. समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि ते ४५ वर आणायचे आहे. काढायचे ५५. हे सगळे जर अमोनियात बदलले, तर पाण्यात लिटरमागे १२ मिलिग्रॅमहून अधिक अमोनिया-नत्र राहील. आपले मानक आहे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे एक मर्यादा पाळण्यासाठी दुसरी जवळपास पंचवीसपट ओलांडली! काम अर्धवट राहिले तर नायट्राइट उरते, जे मूळ नायट्रेटपेक्षा अधिक घातक. यावर उपाय आहे. पाण्यात क्लोराइड असेल, तर धनाग्रावर क्लोरीन तयार होतो आणि तो अमोनियाला नायट्रोजन वायूत बदलतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्लोराइडची वाण नाही, तेव्हा हा योग जमण्यासारखा आहे. मात्र क्लोरीन जास्त झाला, की क्लोरेटसारखी नको असलेली संयुगे तयार होतात. शिवाय दख्खनच्या पाषाणातले पाणी जड. ऋणाग्राजवळ पाणी अल्कधर्मी बनते आणि चुन्याचा थर बसतो, जसा गिझरच्या कॉइलवर बसतो. ठरावीक वेळाने विजेची दिशा उलटवणे किंवा आम्लाने धुणे, याला पर्याय नाही. हे सांभाळू शकेल असा माणूस गावात कोण?

खर्चाचा हिशोब करून पाहू. तो कोणीही कागदावर करू शकतो. वर घेतलेल्या उदाहरणात प्रत्येक इलेक्ट्रॉन कामी आला, सगळे नायट्रेट अमोनियापर्यंत गेले आणि विद्युतदाब पाच व्होल्ट राहिला, तर हजार लिटरला सुमारे एक युनिट वीज लागते. प्रत्यक्षात पाणी इतके विरळ असते, की बरेचसे इलेक्ट्रॉन नायट्रेटपर्यंत पोहोचण्याऐवजी पाण्याचेच विघटन करून हायड्रोजन बनवण्यात खर्ची पडतात. चारातला एक कामी आला असे धरले, तर चार युनिट. समुद्राचे पाणी गोडे करायलाही हजार लिटरमागे साधारण तीन-चार युनिट लागतात. म्हणजे लिटरमधले पस्तीस ग्रॅम मीठ काढण्याएवढी वीज चिमूटभर नायट्रेटसाठी खर्च होऊ शकते.

ही तुलना चेन्नईच्या संदर्भात बोलकी आहे. १९ जून २०१९ च्या सुमारास त्या शहराचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते, हे जगाने पाहिले. चेन्नईने उत्तर शोधले ते समुद्रात. मिंजूर आणि नेम्मेलीचे निक्षारीकरण प्रकल्प चालू होतेच. नेम्मेलीचा दिवसाला पंधरा कोटी लिटरचा दुसरा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आणि पेरूरला चाळीस कोटी लिटरच्या प्रकल्पाचे काम हाती घेण्यात आले. शहराच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा एक अर्थ असा, की पायाखालचे पाणी बिघडले तरी शहराचे अडत नाही. वर्ध्याला समुद्र नाही. यवतमाळच्या गावात विहीर बिघडली, की टँकर येतो, आणि टँकरही कोणाच्या तरी विहिरीतूनच भरलेला असतो.

हाच हिशोब आता दोन हजार वस्तीच्या गावाला लावू. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरले तर दिवसाला वीस हजार लिटर. अंघोळीला, धुण्याला हे पाणी शुद्ध करण्याची गरज नाही. चार युनिटांच्या दराने ऐंशी युनिट वीज. आठ रुपये युनिट धरले तर दिवसाला ६४० रुपये, माणशी बत्तीस पैसे. तान्ह्या बाळांच्या जिवासमोर ही रक्कम काहीच नाही आणि सरकारने ती विनासंकोच द्यावी. पण या ६४० रुपयांत गावाने किती नत्र काढले? दिवसाला एक किलो शंभर ग्रॅम नायट्रेट, म्हणजे पाव किलो नत्र. तेवढे नत्र अर्ध्या किलोहून किंचित जास्त युरियात असते. पंचेचाळीस किलोचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा या युरियाची किंमत झाली सव्वातीन रुपये. सव्वातीन रुपयांना जमिनीत टाकलेली वस्तू ६४० रुपये देऊन बाहेर काढायची. आणि त्या सव्वातीन रुपयांमागेही सरकारचे कित्येक पट अनुदान आहेच.

म्हणून मला वाटते, की विद्युत-रसायनाची जागा नेमकी ठरवली पाहिजे. पिण्याच्या पाण्यात थेट विद्युताग्रे बुडवण्याऐवजी ती वेगळ्या काढलेल्या दाट पाण्यात, म्हणजे आरओच्या किंवा इलेक्ट्रोडायलिसिसच्या सांडपाण्यात ठेवावीत. तेथे नायट्रेट दाट असते, त्यामुळे अधिक इलेक्ट्रॉन कामी येतात. क्षार जास्त असल्याने वीज सहज वाहते. नायट्राइट, अमोनिया किंवा क्लोरेट थोडेफार उरले, तरी ते कोणाच्या पेल्यात जात नाही. चुन्याचा त्रास तेथे वाढेल, हे खरे. पण तो देखभालीचा प्रश्न आहे, बाळाच्या आरोग्याचा नाही. आणि मुख्य म्हणजे भिंतीमागच्या नळीतून निघणारे नायट्रेट परत विहिरीत जाणार नाही. आज गावोगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांच्या निविदांत तासाला किती लिटर, हमी किती वर्षांची आणि नाण्याने चालणार की कार्डाने, हे बारकाईने लिहिलेले असते. सांडपाण्यातील नत्राचे काय करणार, ही एक अट त्यात घातली, तर कंपन्या आपोआप कराईकुडी आणि नागपूरच्या प्रयोगशाळांचे दार ठोठावतील. वीसेक केंद्रांवर दोन पावसाळे हा प्रयोग चालवून खर्चाचे आकडे जाहीर करणे राज्य सरकारला जड नाही.

जलजीवन मिशनबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या आणि आता २०२८ पर्यंत मुदत वाढवलेल्या या योजनेत पाण्याच्या गुणवत्तेचा विचार आहे. आर्सेनिक आणि फ्लोराइडने बाधित वस्त्यांना नळ येईपर्यंत सामूहिक शुद्धीकरण केंद्रातून माणशी आठ-दहा लिटर पाणी द्यावे, असे तिचे धोरण आहे. आर्सेनिक गंगेच्या खोऱ्यातले. विदर्भ-मराठवाड्याचे खरे दुखणे नायट्रेट. त्याला त्याच पंगतीत बसवण्याचा आग्रह महाराष्ट्राच्या खासदारांनी धरायला हवा. दिल्लीतील प्राधान्यक्रम बहुधा मागणाऱ्याच्या आवाजावर ठरतो.

यंत्र कुठे बसवायचे, याआधी नत्र कुठून आले हे विचारले पाहिजे. अण्णा नगरसारख्या वस्तीत ते बहुधा मैल्याचे असते. शेतशिवारात युरियाचे, उकिरड्याचे किंवा शोषखड्ड्याचे. नत्राच्या जड समस्थानिकाच्या प्रमाणावरून खताचे नायट्रेट आणि मैल्याचे नायट्रेट वेगळे ओळखता येते. ही चाचणी महाग असली तरी प्रत्येक विहिरीची करावी लागत नाही, पाणलोटातल्या दोन-चार ठिकाणची पुरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींचे जाळे आधीच आहे. उत्तर ‘मैला’ असे आले, तर युरियावरील भाषणे व्यर्थ. बेसाल्टच्या भेगाळ खडकावर, उथळ पाण्याच्या गावात, विहिरीच्या शेजारी शौचालयाचे खड्डे घेतले गेले असतील, तर सरकारच्या एका योजनेने दुसरीचे पाणी नासवले असे होईल. शौचालये नकोत असा याचा अर्थ कोणी काढू नये. खड्डा आणि विहीर यांतील अंतर मोजूनच पैसे द्यावेत, इतकेच.

पाऊसही दोन्हीकडे वेगळा वागतो. तमिळनाडूने २००३ मध्ये पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. चेन्नईच्या गच्चीवर पडलेले पाणी स्वच्छ असते. ते जमिनीत मुरले, की खालचे नायट्रेट पातळ होते. वर्ध्याच्या शिवारात तोच पाऊस पिकाने न घेतलेले नत्र धुऊन खाली नेतो. केंद्रीय भूजल मंडळालाही पावसाळ्यानंतर मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले. तेव्हा चेन्नईचा उपाय जसाच्या तसा उचलून शेततळ्याच्या किंवा पुनर्भरण चराच्या रूपाने विदर्भात आणला, तर पाण्याची पातळी वाढेल, गुणवत्ता वाढेलच असे नाही. चेन्नईकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. अण्णा नगरला लागून असलेल्या कोयंबेडूत २०१९ पासून मैलापाण्यावर तिहेरी प्रक्रिया करून दिवसाला साडेचार कोटी लिटर पाणी श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या कारखान्यांना देण्याची सोय झाली. ज्या मैलापाण्याची अशी किंमत मिळते, ते जमिनीत झिरपू देणे शहराला परवडत नाही. अमरावती आणि नांदेडच्या महापालिकांनी हा हिशोब मांडून पाहावा.

उरतो युरिया. एका पोत्यातील नत्राचा केवळ दहावा हिस्सा जरी खाली झिरपला, तरी दोन लाख लिटर स्वच्छ पाण्यात नायट्रेट मर्यादेपर्यंत नेण्यास तो पुरतो. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हा युरियाला त्यातून वगळण्यात आले. स्फुरद-पालाश महाग झाले, युरिया जागच्या जागी राहिला. स्वस्त ते जास्त पडणार, हा हिशोब शेतकऱ्याने दिल्लीपेक्षा चोख केला. २०१५ पासून युरियाला निंबोळीचे अस्तर सक्तीचे झाले, त्याने झिरपा थोडा मंदावतो, थांबत नाही. किमतीला हात लावण्याचे धाडस कोणत्याही पक्षाच्या सरकारने केले नाही आणि नजीकच्या काळात कोणी करील, असे चिन्ह नाही. ज्या आयोवात कॉम्लीने निळी बाळे पाहिली, तेथेही हेच चित्र आहे. राजधानी डे मॉइन येथे नायट्रेट काढण्याचा मोठा प्रकल्प नव्वदीच्या दशकापासून आहे. पाणीपुरवठा संस्थेने वरच्या शेतीजिल्ह्यांवर २०१५ मध्ये खटला भरला आणि २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. २०२५च्या जूनमध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले, की नागरिकांना हिरवळीवर पाणी मारण्यास बंदी घालावी लागली. उलट डेन्मार्कने ऐंशीच्या दशकापासून प्रत्येक शेताला नत्राचा हिशोब ठेवायला लावला आणि शेतातून झिरपणारे नत्र जवळपास निम्म्यावर आणले.

आपल्याकडे हिशोबाची वही आहे, तिच्यात एक रकाना कमी आहे. लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या विहिरीचे आठ इंच पाणी एका एकराला दिले, तर त्यासोबत साडेअठरा किलो नत्र शेतात पडते. म्हणजे युरियाचे जवळजवळ एक पोते, तेही फुकट. वरूड-मोर्शीच्या संत्राबागा वर्षानुवर्षे विहिरीच्या पाण्यावर उभ्या आहेत. तेथे खताची मात्रा ठरवताना पाण्यातले नत्र वजा केले, तर शेतकऱ्याचा खर्च वाचेल आणि विहिरीतले नायट्रेट झाडांच्या मुळांवाटे हळूहळू कमी होईल. विजेचे एक युनिटही न वापरता एवढे नायट्रेट काढणारे दुसरे साधन कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. २०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीच्या बारा गुणधर्मांची नोंद असते. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटची नसते. तेरावा रकाना छापायला केंद्राच्या परवानगीची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्या सात जिल्ह्यांच्या कृषी विभागाने येत्या खरिपाआधी विहिरीचे नमुने घेतले, तर पहिली खतमात्रा पडण्यापूर्वी तो भरता येईल.